ओळखीचा एजंट आणि घराचा व्यवहार

पूर्वी वस्तीत कोणाला खोली हवी असली की तो पानवाल्याच्या कानावर घाली. पानवाला इस्त्रीवाल्याला सांगे, इस्त्रीवाला नाक्यावर सांगे, आणि आठ दिवसांत चाळीतली खोली विकून कोण गावी चालला आहे याची बातमी घरी येई. बातमी आणणाऱ्याला चहा पाजला, फार तर त्याच्या पोरांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवले, की झाले. आता कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरार, पनवेल अशा कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा. दहा पावलांवर एक काचेचे दार, दोन खुर्च्या आणि 'इस्टेट एजन्सी' अशी पाटी दिसते. आपल्या वस्त्यांतूनही हा धंदा करणारी मुले पुष्कळ निघाली आहेत. कोणाची कंपनी बंद पडली, कोणी आधी विम्याचा एजंट होता, कोणी रिक्षा चालवताना गिऱ्हाइकांना घरे दाखवता दाखवता यात शिरला. यात गैर काही नाही. चार माणसे ओळखीची असणे, पायपीट करणे आणि बोलता येणे, एवढ्या भांडवलावर सुरू होणारा हा धंदा आहे.

परंतु ती चार ओळखीची माणसे कोण? नव्या एजंटाला पहिल्या दिवशी ओळखीच्यांची यादीच करायला सांगतात. शाळेतले मित्र, मेहुणे, मंडळातले कार्यकर्ते, आईच्या भिशीतल्या बायका. म्हणजे पहिले गिऱ्हाईक आपलेच माणूस. आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. रेशनकार्डाचे आणि शाळेच्या दाखल्याचे अर्ज असतातच, पण अलीकडे घराच्या तक्रारी घेऊन येणारेही बरेच असतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते अर्जातच छापून ठेवावे असे वाटते : "साहेब, परका असता तर आम्ही कागद वाचले असते."

या वाक्यात सगळा मामला आला.

मित्र एजंट झाला म्हणजे पहिल्या भेटीत काय म्हणतो? "अरे, तुझ्याकडून मी दलाली घेणार काय?" ऐकणाऱ्याचे मन भरून येते. जुन्या घराच्या व्यवहारात घेणाऱ्याकडून साधारण एक ते दोन टक्के दलाली घेण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. तीस लाखांचे घर असेल तर दोन टक्क्यांचे साठ हजार होतात. मित्राने साठ हजार सोडले! मग त्याने दाखवलेल्या घराला नाव कोण ठेवणार? दुसऱ्या दोन इमारती पाहून येऊ, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

पण नव्या इमारतीतले घर असेल तर एजंटाला पैसे बिल्डर देतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. हा दर प्रत्येक इमारतीचा वेगळा. दोन-तीन टक्के सर्रास असतात, आणि घरे विकली जात नसतील तर दर चढत जातो. समजा चार टक्के ठरले, तर तीस लाखांवर एक लाख वीस हजार झाले. म्हणजे ज्याने साठ हजार सोडले म्हणून आपण भारावलो, त्याला दुसऱ्या बाजूने त्याच्या दुप्पट मिळाले. आणि जी इमारत जास्त टक्के देते तीच मित्राला दाखवावी, हा मोह साधा नाही. शेजारच्या इमारतीत पाणी चांगले असेल, स्टेशन जवळ असेल, पण तिथला बिल्डर दोनच टक्के देतो.

बिल्डरकडून पैसे घेणे ही अप्रामाणिकता नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याने काम केले, त्याला मोबदला मिळाला. अप्रामाणिकता आहे ती लपवण्यात. "तुझ्याकडून घेत नाही, मला बिल्डर लाख-सव्वालाख देणार आहे," एवढे पुरे वाक्य जो बोलतो तो प्रामाणिक. अर्धेच वाक्य बोलणारा खोटे बोलत नाही, पण खरेही बोलत नाही. आणि हे अर्धे वाक्य परक्यापेक्षा मित्रापाशीच जास्त खपते.

आमच्या माहितीतल्या एका घरात हा प्रश्न नवऱ्याला विचारवेना. दोघे एका बाकावर शिकलेले. शेवटी वहिनींनीच चहाचा कप पुढे करताना विचारले, "भावोजी, यात तुम्हाला किती मिळणार?" नवरा इतका ओशाळला की उठून बाहेर गेला. भावोजी मात्र हसले आणि त्यांनी आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, "मग त्यातले थोडे बिल्डरला कमी करायला सांगा ना." घर चाळीस हजारांनी खाली आले. त्या बाईंनी अपमान केला असे आम्हाला वाटत नाही. उलट, त्या दोन घरांचे येणे-जाणे आजही आहे ते त्या प्रश्नामुळेच, असे आमचे मत आहे.

बी. कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. तेव्हा पास होण्यापुरता वाचला. त्यात एजंटाचा, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचा, एक मोठा भाग आहे आणि कलमांखाली उदाहरणे दिलेली आहेत. कलम २१६ खालचे उदाहरण घराचेच आहे. मालक एजंटाला सांगतो, अमुक घर माझ्यासाठी विकत घे. एजंट येऊन सांगतो की ते घर मिळत नाही, आणि गुपचूप स्वतःसाठी घेतो. कायदा म्हणतो, हे उघडकीस आले तर ज्या किमतीला त्याने ते घेतले त्याच किमतीला ते आपल्याला द्यायला मालक त्याला भाग पाडू शकतो. कलम २१५ मध्ये उलट गोष्ट आहे. एजंटाला मालमत्ता विकायला सांगितली आणि त्याने तिसऱ्याच्या नावावर ती स्वतःच घेतली. त्याने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली असेल, किंवा त्या विक्रीत मालकाचे नुकसान झाले असेल, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. इंग्रजांच्या काळातला कायदा. पण गोष्ट कालच आपल्या चाळीत घडावी अशी. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी आत पुढे गेली आहेत हे एजंटाला ठाऊक असते, आणि म्हाताऱ्या मावशीला तो सांगतो, "मावशी, या पडक्या खोलीला आता कोण विचारतो? मी गिऱ्हाईक आणतो." ते गिऱ्हाईक म्हणजे त्याचाच मेहुणा.

म्हणून आम्ही अर्ज लिहायला येणाऱ्यांना एक चिठ्ठी अगोदरच करून घ्यायला सांगतो. स्टॅम्पपेपर नको, वकील नको. एजंटाने आपल्या सहीने एवढेच लिहून द्यायचे : "मी आपल्यासाठी घर पाहत आहे. या व्यवहारात मला आपल्याकडून इतके रुपये आणि समोरच्याकडून इतके रुपये मिळणार आहेत. या जागेत माझा किंवा माझ्या नातेवाइकांचा हिस्सा नाही." हिस्सा असेल तर 'आहे' असे लिहावे, तेही चालते. तीन ओळी. खरा मित्र रागावत नाही. रागावलाच, तर एवढा राग कशाचा, याचा विचार घरी जाऊन करावा.

आता न सांगितलेल्या गोष्टींकडे येऊ. घराच्या व्यवहारात उघड थाप मारणारे थोडे, गप्प राहणारे जास्त. नालासोपारा पूर्वेला मैलापाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडल्या गेल्या. शेकडो कुटुंबे सामानासकट रस्त्यावर आली. त्या इमारतींतली घरे कोणी विकली? आकाशातून तर गिऱ्हाइके आली नव्हती. कोणाचा तरी मित्र, कोणाचा तरी चुलतभाऊ सांगत होता, "इथे हजारो लोक राहतात, लाइटबिल येते, घरपट्टी येते, काही होत नाही." लाइटबिल आणि घरपट्टी म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे, हे एजंटाला ठाऊक असते. काही वेळा त्यालाही ठाऊक नसते, तो स्वतःच तसल्या घरात राहत असतो. पण मग "मला माहीत नाही, तू पालिकेत विचार," असे म्हणायला काय हरकत आहे? धंद्यातली सगळ्यात महागडी तीन अक्षरे 'ठाऊक नाही' ही असावीत, कारण ती कोणी उच्चारतच नाही. (अक्षरे तीनाहून जास्त भरतात, पण आम्ही हिशेबाचे लोक, व्याकरणाचे नव्हे.)

स्थावर मालमत्तेचा २०१६ चा कायदा, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात, तो मे २०१७ पासून पुरता लागू झाला. तेव्हापासून नोंदलेल्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटालाही महारेराकडे नोंदणी करावी लागते. आपल्या राज्यात जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्रही लागते. तेव्हा मित्राला त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातले घर विकून द्यायला त्याला मनाई आहे, आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाच्या हक्काचे सर्व कागद त्याला मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. बिल्डरलाही करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आत्ता पाच लाख रोख टाक, करार पुढच्या महिन्यात, माझ्यावर विश्वास नाही का?" असे मित्र म्हणत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. रोखीचेही तसेच. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी केलेली आहे.

मात्र रेराचा क्रमांक दाखवला म्हणून डोळे मिटू नयेत. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेची परवानगीच बनावट निघाली, आणि त्या बनावट कागदांवर रेराची नोंदणीही मिळवलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा बांधकाम परवानगीचा कागद घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात एक फेरी मारावी, मग दुसरे काही. अर्ध्या दिवसाची रजा पडेल. आयुष्यभराच्या कमाईपुढे ती काय?

गावाकडच्या जमिनीचा एक प्रकार इथेच सांगायला हवा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वतनाच्या जमिनीचा सातबारा आहे. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. शहराजवळच्या अशा जमिनींसाठी बाहेरचा दलाल थेट येत नाही, तो आपल्यातलाच एक माणूस पुढे धाडतो. तो प्रत्येक भावाच्या घरी जेवतो, आजीच्या पाया पडतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेऊन जातो. "नुसती चौकशीपुरती सही," असे सांगतो. चौकशीला कुलमुखत्यारपत्र लागत नाही.

बारीकसारीक गोष्टीही राहतात. 'साडेपाचशे फुटांचे घर' असे म्हणत असतील तर त्यातली चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेटची, फुटे किती ते विचारावे. साडेतीनशे निघाली तर नवल नाही. आपल्या राज्यात राहते घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांवर तीस हजार रुपये वाचतात, शिवाय घर बाईच्या नावावर होते. हे सांगायला एजंटाच्या पदरचे काही जात नाही, तरी किती मित्रांनी सांगितले?

सगळ्यात अवघड खरे वेगळेच आहे. परक्या एजंटाला आपला पगार आपण सांगू तेवढाच कळतो. मित्राला सगळे ठाऊक असते. आईचे औषध, पोरीचा नर्सिंगचा प्रवेश, सोसायटीचे चालू कर्ज, मागच्या वर्षी गहाण पडलेले मंगळसूत्र. बावीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १९ हजार ८०० रुपये येतो. बत्तीस हजार पगाराच्या माणसाला हा हप्ता लागला तर घर कसे चालेल, हे मित्राइतके कोणाला कळणार? बँक नाही म्हणाली तर तोच दुसरी बँक शोधून देतो, कारण कर्ज झाल्याशिवाय त्याचे टक्के सुटत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने मात्र मित्राला समोर बसवून कागदावर बेरीज करून दाखवली आणि म्हणाला, "अजून दोन वर्षे थांब. पोरीचे शिक्षण होऊ दे, तीही कमावील, मग मी स्वतः येतो." मित्र रागावला. माझी ऐपत काढली, म्हणून सहा महिने बोलला नाही. त्या एजंटाचे टक्केही गेले आणि मित्रही, काही काळ तरी. प्रामाणिकपणा हा असा पदरमोड करायला लावणारा असतो, उगीच त्याचे गोडवे गाऊन उपयोग नाही.

आणि एक गोष्ट भाड्याच्या घराची. ती लिहिताना हात जड होतो, पण आपल्या पानांत नाही लिहायची तर कुठे? मालक फोनवर एजंटाला विचारतो, "माणसे कोण आहेत? आडनाव काय?" एजंट आडनाव सांगतो. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "नको, दुसरे कोणी बघा." हा एजंट आपलाच. तो मित्राकडे येऊन म्हणतो, "अरे, ती खोली कालच गेली." मित्राचे मन दुखू नये म्हणून. दुसरी खोली, तीच गत. तिसऱ्या वेळी मित्राने रजा टाकलेली असते, बायकोला सोबत आणलेले असते, आणि खोली पुन्हा 'गेलेली' असते. शेवटी तो मित्र काय समजतो? आपला एजंट आळशी आहे, दुसऱ्याला जास्त पैसे घेऊन खोली देतो. मैत्री तुटते, आणि आडनाव विचारणाऱ्या मालकाच्या अंगाला धूळही लागत नाही.

काही एजंट याहून पुढे जातात. "आडनाव दुसरे सांग, भिंतीवरचा फोटो महिनाभर लावू नकोस, मग कोण बघतो," असा सल्ला देतात. हेतू वाईट नसतो, मुलांना छप्पर मिळावे एवढाच असतो. पण भाडे वेळेवर भरणाऱ्या माणसाने आपल्याच घरात चोरासारखे राहावे, हा सल्ला मित्राने द्यायचा?

आमचे म्हणणे असे की मित्राला खरे सांगावे, त्याच दिवशी सांगावे. ते ऐकायची सवय त्याला आहे. ज्याने आयुष्यभर ऐकले त्याला आणखी एकदा ऐकवेल, पण अंधारात राहणे नको असेल. आणि शक्य असेल त्याने मालकालाही आधीच सांगावे. आमच्या माहितीतला एक तरुण किल्ली घेतानाच मालकाला विचारतो, "माझी गिऱ्हाइके सगळ्या समाजाची असतात. चालत नसेल तर किल्ली परत न्या." सुरुवातीला दोघा मालकांनी किल्ल्या नेल्या. बाकीच्यांनी ठेवल्या. पोटासाठी धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हे जमेल असे आम्ही म्हणत नाही. नुकतेच लग्न झालेले, दुकानाचे भाडे थकलेले, अशा पोराला मालक तोडायला सांगणे सोपे आणि करणे कठीण. पण मित्राशी खरे बोलायला किल्ली परत द्यावी लागत नाही.

एवढे एजंटांना बोललो, आता गिऱ्हाइकांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. मित्राने भर उन्हात आठ घरे दाखवायची, स्वतःच्या पेट्रोलने, आणि आपण मालकाचा नंबर मागून घेऊन परस्पर व्यवहार करायचा. वर "तो आपलाच आहे, त्याला काय द्यायचे" असे म्हणायचे. हे काय आहे? किंवा व्यवहार झाल्यावर दोन टक्के ठरलेले असताना पाच हजारांचे पाकीट आणि पेढ्यांचा पुडा हातात ठेवायचा. पेढ्यावर त्याच्या मुलाची फी भरली जात नाही. मित्राचे घरही याच धंद्यावर चालते. त्याला मोबदला मिळाला नाही तर पुढच्या वेळी तो उघड मागणार नाही, दुसऱ्या बाजूने गुपचूप घेईल. लपवाछपवीचे बी पुष्कळदा आपणच पेरतो.

सवलत हवी तर पहिल्या दिवशी मागावी. "दोनऐवजी एक टक्का घे," असे तोंडावर म्हणावे, आणि त्याला 'नाही' म्हणायची मुभा असावी. ठरले की चिठ्ठीवर लिहावे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी झाली, अंगठे-फोटो झाले, की बाहेर आल्यावर तिथेच त्याच्या नावाचा चेक द्यावा आणि पावती घ्यावी. पेढे त्यानंतर.